नर्फ आला की काय करायचं: कार्ड गेममध्ये नव्याने उतरलेल्यांसाठी

पॅच (गेममधला अपडेट) आला, तुमचं आवडतं कार्ड एका मॅनाने (कार्ड खेळायला मोजावी लागणारी शक्ती) महाग झालं, आणि ज्या डेकवर तीन आठवडे जीव लावला तो आता चालेल की नाही हेच कळेना. अशा वेळी पहिलं काम एकच: काहीही मोडू नका आणि काहीही नवीन घडवू नका. आधी झालेला बदल नीट वाचा. तो कसा वाचायचा, क्लासचा (म्हणजे स्वतःची वेगळी कार्डं असलेल्या हीरोच्या प्रकाराचा) तोल म्हणजे नेमकं काय, आणि साठवलेलं डस्ट (कार्ड घडवायला लागणारं गेममधलं चलन) कसं सांभाळायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

उदाहरणं बहुतेक हार्थस्टोनची घेतली आहेत. हा खेळ २०१४ पासून चालू आहे, त्यामुळे बदलांचा इतिहास मोठा आहे आणि नियमही चटकन समजतात. ३० कार्डांचा डेक, ३० हेल्थचा हीरो, दर टर्नला एकेक मॅना वाढत जाऊन जास्तीत जास्त १०. सुरुवातीला नऊ क्लास होते. २०२० मध्ये डीमन हंटर आला आणि २०२२ च्या शेवटी डेथ नाइट. तुम्ही दुसरा कुठला डिजिटल कार्ड गेम खेळत असाल तर नावं बदलतील, विचार करायची पद्धत हीच राहील.

पायरी १: आधी चार शब्द

नर्फ म्हणजे कार्डाची ताकद कमी करणं. फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांच्या नावावरून गेमर लोकांनी हा शब्द उचलला. बफ त्याच्या उलट. मेटा म्हणजे सध्या लोक काय खेळताहेत आणि त्यातलं काय कशाला हरवतंय, याचं एकूण चित्र. न्यूट्रल कार्ड कुठल्याही क्लासला घेता येतं, क्लासचं कार्ड फक्त त्या क्लासला. हा शेवटचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २: क्लासची दुखरी बाजू शोधा

तोल साधला म्हणजे सगळे क्लास सगळ्या बाबतींत सारखे, असं नव्या खेळाडूला वाटतं. तसं कधीच नसतं, आणि तसं झालं तर क्लास ठेवण्यात अर्थच उरणार नाही. प्रत्येक क्लासला एखादी गोष्ट सहज मिळते आणि एखादी काही केल्या मिळत नाही. वॉरलॉक २ मॅना आणि २ हेल्थ मोजून दर टर्नला एक जादा कार्ड खेचू शकतो. हंटर २ मॅनात समोरच्या हीरोला थेट २ डॅमेज देतो, पण स्वतःच्या जखमा भरायला त्याच्याकडे फारसं काही नसतं. प्रीस्टला जखमा भरता येतात, पण सामना लवकर संपवणं त्याला जड जातं.

क्लास बिघडतो तो बहुतेक वेळा त्याची दुखरी बाजू झाकली गेली की. याचं मला सर्वांत चांगलं वाटणारं उदाहरण २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या ड्रुइडचं आहे. ड्रुइडची ताकद मॅनाची. इनर्व्हेट हे ० मॅनाचं कार्ड तेव्हा त्या टर्नपुरते २ मॅना द्यायचं, म्हणजे पाचव्या टर्नची गोष्ट तिसऱ्या टर्नला पटावर यायची. याची किंमत तो दुसरीकडे मोजायचा: समोरच्याने पटावर पाच-सहा छोटे मिनियन (पटावर उतरून लढणारी कार्डं) पसरले की ड्रुइडची पंचाईत व्हायची. ऑगस्टमध्ये त्याला स्प्रेडिंग प्लेग मिळालं. ५ मॅनात १/५ चा (म्हणजे १ अटॅक, ५ हेल्थ), टाँट असलेला (समोरच्याला आधी त्याच्यावरच हल्ला करायला लावणारा) एक किडा बोलवायचा, आणि समोर आपल्यापेक्षा जास्त मिनियन असतील तोवर तीच जादू पुन्हा पुन्हा होत राहायची. ज्या डावपेचाने ड्रुइड हरायचा, तोच डावपेच त्याला भिंत बांधून देऊ लागला. सप्टेंबरमध्ये प्लेग ५ वरून ६ मॅनाचं झालं आणि इनर्व्हेटचे २ मॅना १ वर आले. एका बदलाने दुखरी बाजू पुन्हा थोडी उघडी केली, दुसऱ्याने ताकदीला कात्री लावली.

तुम्ही काय करायचं? वहीत तुमच्या क्लासपुढे दोन ओळी लिहा. तो कशावर जिंकतो, आणि कशाने हरतो. नवीन एक्सपान्शनची (नव्या संचाची) कार्डं जाहीर झाली की दुसऱ्या ओळीकडे बघा. ती उणीव भरून काढणारं स्वस्त कार्ड आलं असेल, तर त्या क्लासवर लोकांची झुंबड उडणार आणि मागोमाग नर्फ येण्याची शक्यता मोठी. नव्या क्लासच्या बाबतीत तर हे फार लवकर घडतं. एप्रिल २०२० मध्ये डीमन हंटर आला आणि काही दिवसांतच त्याच्या कार्डांना कात्री लागली. तीन कार्डं खेचून देणारं स्कल ऑफ गुलदान तेव्हाच ५ वरून ६ मॅनाचं झालं.

पायरी ३: एक नर्फ अगदी जवळून बघा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

२०१४ च्या उन्हाळ्यात अंडरटेकर नावाचं न्यूट्रल कार्ड आलं. १ मॅना, १ अटॅक, २ हेल्थ. तुम्ही डेथरॅटल (मेल्यावर काहीतरी घडवणारा गुण) असलेला कुठलाही मिनियन बोलावला की याला +१ अटॅक आणि +१ हेल्थ. वाचताना अगदी साधं वाटतं.

आता ते खेळून बघा. पहिल्या टर्नला अंडरटेकर. दुसऱ्या टर्नला १ मॅनाचे दोन डेथरॅटल मिनियन: वेबस्पिनर आणि लेपर नोम. अंडरटेकर झाला ३/४, आणि तो याच टर्नला हल्ला करू शकतो, कारण तो आधीच्या टर्नपासून पटावर उभा आहे. समोरच्याकडे दुसऱ्या टर्नला काय असतं? २ मॅनाचा मिनियन, म्हणजे साधारण ३/२ किंवा २/३. त्याचा ३/२ तुमच्या ३/४ वर आदळला तर त्याचा मरतो आणि तुमचा १ हेल्थवर तगतो. वर तुमचे आणखी दोन मिनियन पटावर आहेतच. दुसऱ्याच टर्नला समोरचा मागे पडला, आणि त्याने काहीही चुकीचं खेळलेलं नाही.

जानेवारी २०१५ मध्ये बदल झाला तो एवढाच: हेल्थ वाढणं बंद, फक्त +१ अटॅक. किंमत तीच, सुरुवातीचे आकडे तेच. पुन्हा तेच दोन टर्न खेळा. अंडरटेकर आता ३/२. समोरचा ३/२ त्याच्यावर आदळला तर दोघेही मरतात. समोरचा २/३ आदळला तरी दोघेही मरतात. म्हणजे त्याच दुसऱ्या टर्नला समोरच्याकडे आता उत्तर आहे. कार्डावरचा एक आकडा गेला आणि सामन्यातला एक अख्खा प्रसंग बदलला.

म्हणून कुठलाही नर्फ वाचताना मी एकच प्रश्न विचारतो आणि तुम्हीही तोच विचारा: हे कार्ड पूर्वी कोणत्या टर्नला सामना फिरवत होतं, आणि आता त्या टर्नला समोरच्याच्या हातात काय असेल? याचं उत्तर न देता कार्ड संपलं किंवा काहीच फरक पडला नाही असं म्हणू नका.

या उदाहरणात आणखी एक धडा आहे. अंडरटेकरमुळे सर्वांत जास्त फोफावला तो हंटर, कारण त्याच्याकडे स्वस्त डेथरॅटल आणि वेगवान हल्ला दोन्ही होतं. पण चूक हंटरच्या कार्डात नव्हती, न्यूट्रल कार्डात होती. एखादा क्लास सगळ्यांना झोडपतोय असं दिसलं की त्याच्या डेकमधली न्यूट्रल कार्डं वेगळी काढून बघायची सवय लावा.

पायरी ४: कात्री कुठे लागली ते ओळखा

किंमत, अटॅक-हेल्थ आणि मजकूर या तीनच जागी बहुतेक बदल होतात, पण तिन्हींचं वजन सारखं नसतं.

किंमत एका मॅनाने वाढणं म्हणजे सुरुवातीच्या टर्नला मोठा घाव आणि शेवटच्या टर्नला किरकोळ. २ चं कार्ड ३ चं झालं तर ते ज्या कामासाठी डेकमध्ये होतं ते कामच बहुधा जातं. ७ चं ८ झालं तर कार्ड चालू राहतं, जरा उशिरा पडतं इतकंच. किंमत एकदम फार वाढवली तर मात्र डेकच मोडतो. स्टार्व्हिंग बझर्ड २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत २ मॅनाचं होतं. तुम्ही बीस्ट (प्राणी प्रकारातला मिनियन) बोलावला की ते एक कार्ड खेचून द्यायचं. हंटर त्याच्या जोडीला अनलीश द हाउंड्स खेळायचा, समोर जितके मिनियन तितके कुत्रे यायचे आणि जितके कुत्रे तितकी कार्डं हातात. बझर्ड ५ मॅनाचं झालं आणि ती जोडी संपली.

हेल्थच्या बाबतीत तो आकडा कोणत्या उंबरठ्यावर आहे ते बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्मॉल-टाइम बकनिअरची हेल्थ २ ची १ झाली. एकच तर गेली, असं वाटेल. पण मेज (Mage), रोग (Rogue) आणि ड्रुइड या क्लासच्या हीरो पॉवरने (कार्डाशिवाय वापरता येणारी हीरोची स्वतःची ताकद) १ डॅमेज देता येतं. आधी त्याला मारायला कार्ड खर्च करावं लागायचं, आता हातातलं एकही कार्ड न खर्चता तो मरतो. २ ची १ होणं आणि ५ ची ४ होणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मजकूर बदलला तर कार्ड नव्याने वाचा, जुनं विसरून. फोर्स ऑफ नेचर ६ मॅनात २/२ चे तीन ट्रीएंट बोलवायचं आणि ते त्याच टर्नला हल्ला करायचे. वर ३ मॅनाचं सॅव्हेज रोअर टाकलं की प्रत्येकाला आणि हीरोलाही +२ अटॅक. हिशेब करा: तीन ट्रीएंट प्रत्येकी ४, म्हणजे १२, अधिक हीरोचे २. रिकाम्या पटावरून, ९ मॅनात, १४ डॅमेज. ड्रुइडविरुद्ध नवव्या टर्नला १४ च्या खाली हेल्थ असली की पोटात गोळा यायचा. एप्रिल २०१६ मध्ये हल्ल्याचा भाग काढला, किंमत उलट ५ वर आणली. फक्त किंमत बघणाऱ्याला तो बफ वाटला असता.

कधीकधी नाव गाजलेलं कार्ड तसंच राहतं आणि घाव त्याच्या जोडीदारावर बसतो. २०१५ मधला पेट्रन वॉरियर आठवा. ग्रिम पेट्रन डॅमेज खाऊन तगला की आणखी एक पेट्रन बोलवायचा, आणि वॉरसाँग कमांडरमुळे ३ किंवा कमी अटॅकचे मिनियन आल्याआल्या हल्ला करू शकायचे. ऑक्टोबरमध्ये बदलला कमांडर, पेट्रनला हातही लावला नाही. कमांडरचा नवा मजकूर मात्र इतका दुबळा होता की ते कार्ड डेकमधून दिसेनासं झालं. मला हा नर्फ आजही पटत नाही. तो डेक खेळायला अवघड होता, चुकलं की हरायला लावायचा, आणि शिकून जिंकणाऱ्यांचा होता. किंमत वाढवून बघायला हवी होती.

पायरी ५: आकड्यांवर भरवसा ठेवा, पण मोजून

वीस मॅच खेळलात, बारा जिंकलात, म्हणून डेक ६० टक्क्यांचा होत नाही. वीस मॅचवरून खरा विनरेट साधारण ३८ ते ८२ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. १०० मॅचमध्येही दहा टक्के इकडेतिकडे होतात, ४०० मध्ये पाच, आणि दहा हजार मॅच झाल्या की कुठे एका टक्क्यावर येतं. एकट्याने एवढं खेळणं शक्य नाही, म्हणून हजारो खेळाडूंचे सामने एकत्र करणाऱ्या एचएसरीप्लेसारख्या ठिकाणचे आकडे बघावेत. स्वतःच्या वहीचा उपयोग वेगळा: कोणत्या क्लासविरुद्ध, कोणत्या टर्नला हरलो, ते लिहायला.

ते मोठे आकडे बघतानाही तीन गोष्टी फसवतात.

एक, क्लासचा विनरेट आणि डेकचा विनरेट एक नसतो. क्लासच्या सरासरीत लोकांचे सगळे फसलेले प्रयोग धरलेले असतात. सरासरी ४८ असलेल्या क्लासकडे ५५ चा एक डेक असू शकतो.

दोन, फार लोकप्रिय डेकचा आकडा ५० कडे ओढला जातो, कारण तो स्वतःशीच खेळत असतो आणि तिथे एक जिंकला की एक हरतोच. समजा १०० पैकी ४० सामने त्याच डेकविरुद्ध आहेत आणि बाकीच्यांविरुद्ध तो ५८ टक्के जिंकतो. एकूण आकडा दिसेल ५४.८. खरी ताकद त्याहून जास्त आहे.

तीन, आणि हे नव्या खेळाडूच्या लक्षात सहसा येत नाही: तुमच्या डेकमधलं एक कार्डही न बदलता त्याचा विनरेट बदलू शकतो. धरा, तुमचा डेक वेगवान डेकविरुद्ध ६० टक्के जिंकतो आणि संथ डेकविरुद्ध ४०. समोर सत्तर टक्के वेगवान डेक येत असतील तर तुम्ही ५४ वर. त्या वेगवान डेकवर नर्फ आला, लोक संथ डेककडे वळले, प्रमाण तीस-सत्तर झालं, की तुम्ही ४६ वर. नर्फ दुसऱ्याला, फटका तुम्हाला. म्हणून पॅचमध्ये आपल्या क्लासचं नाव नाही म्हणून पान बंद करू नका. आपण ज्यांना हरवतो त्यांचं काय झालं, ते आधी शोधा.

विनरेट बरा असूनही नर्फ का येतो, तेही इथेच सांगतो. २०१७ मध्ये रोग क्लासच्या द कॅव्हर्न्स बिलो या क्वेस्टला (अट पूर्ण केली की बक्षीस देणाऱ्या कार्डाला) कात्री लागली. एकाच नावाचे चार मिनियन खेळायची अट पाचवर नेली. तो डेक सगळ्यांना हरवत नव्हता, वेगवान डेकपुढे तो हरायचाच. पण संथ डेकना त्याच्यासमोर करण्यासारखं काहीच उरत नव्हतं, आणि त्यामुळे लोक ते डेक खेळायचेच बंद झाले. कोण किती जिंकतो याइतकंच, हरणाऱ्याला सामन्यात काही करता आलं का, हेही तोल सांभाळणाऱ्यांना बघावं लागतं. मला हे बरोबर वाटतं.

पायरी ६: डस्टचा हिशेब

कार्ड मोडलं की डस्ट मिळतं आणि डस्टमधून हवं ते कार्ड घडवता येतं. हार्थस्टोनमध्ये साध्या (सोनेरी नसलेल्या) कार्डांचे दर दुर्मीळतेप्रमाणे असे: कॉमन घडवायला ४०, मोडल्यावर ५. रेअर १०० आणि २०. एपिक ४०० आणि १००. लेजेंडरी १,६०० आणि ४००. म्हणजे एक लेजेंडरी घडवायला चार लेजेंडरी मोडाव्या लागतात. घाईत मोडलेलं कार्ड परत आणणं किती महाग पडतं, ते यावरून दिसेल.

कार्डावर नर्फ आला की साधारण दोन आठवडे ते मोडल्यावर घडवण्याइतकंच डस्ट परत मिळतं. लेजेंडरीचे ४०० च्या जागी १,६००. या मुदतीचा शेवटचा दिवस पॅचबरोबर जाहीर होतो, तो वहीत लिहून ठेवा. मुदतीत मोडून पुन्हा घडवलं तरी नुकसान शून्य, तेव्हा पहिल्याच दिवशी धावपळ करायची गरज नाही. दहा दिवस खेळा, कार्ड अजून चालतंय का बघा, मग ठरवा.

एक दुखणं मात्र आहे. परतावा सहसा ज्या कार्डाला हात लागला त्याचाच मिळतो. डेकमध्ये तीन लेजेंडरी आणि चार एपिक आहेत, म्हणजे ६,४०० डस्ट गुंतलेलं, आणि नर्फ आला तो एका कॉमन कार्डावर. दोन प्रती मोडून मिळाले ८०. डेक पडला, बाकी डस्ट अडकलं. महिनाभर रोज खेळून जमवलेल्या माणसाला हे फार लागतं, आणि माझ्या मते या पद्धतीत सुधारणा व्हायलाच हवी. तोवर आपणच जपून राहायचं. नवीन एक्सपान्शननंतर पहिले दोन-तीन आठवडे महाग डेक घडवू नका. घडवायचाच असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या डेकमध्ये चालेल अशी लेजेंडरी निवडा. आणि स्टँडर्ड फॉरमॅटमधून (जिथे फक्त अलीकडचे संच चालतात) जुने संच दर वर्षी बाहेर पडतात, त्या सुमाराला बाहेर जाणाऱ्या संचातलं कार्ड घडवू नका.

पायरी ७: पॅचनंतर खेळायचं कसं

डेक जसाच्या तसा ठेवून दहा-पंधरा मॅच खेळा आणि फक्त एक गोष्ट नोंदवा: बदललेलं कार्ड हातात आलं तेव्हा खेळता आलं का, की अडकून राहिलं? अडकून राहत असेल तर एक प्रत काढून त्याच किंमतीचं दुसरं कार्ड घाला. नवी किंमत नाही, ज्या टर्नला ते कार्ड तुम्हाला हवं होतं त्या टर्नची किंमत. २ चं कार्ड ३ चं झालं असेल तर जागा रिकामी झाली आहे ती दुसऱ्या टर्नची, आणि ती भरायला २ मॅनाचं कार्ड लागेल. हे बहुतेकांचं चुकतं.

सुरुवातीच्या हातात कोणती कार्डं ठेवायची तेही पुन्हा ठरवा. पूर्वी डोळे झाकून ठेवत होतात ते कार्ड आता कदाचित फक्त तुमची पाळी समोरच्यानंतर असताना, कॉइन (नंतर खेळणाऱ्याला मिळणारं फुकट कार्ड) हातात असताना ठेवण्यासारखं असेल, कारण कॉइनने एक मॅना भरून निघतो.

नर्फ झालेलं कार्ड लगेच मोडायचं नसेल तर बाजूला ठेवा, कारण बदल फिरवलेही जातात. मोल्टन जायंट (आपल्या हीरोने खाल्लेल्या प्रत्येक डॅमेजमागे हे १ मॅनाने स्वस्त होतं) एप्रिल २०१६ मध्ये २० वरून २५ मॅनाचं झालं होतं. २०१८ मध्ये ते स्टँडर्डमधून बाहेर गेलं तेव्हा त्याची किंमत पुन्हा २० केली. उलटही होतं. मेजचं लुनाज पॉकेट गॅलक्सी जून २०१९ मध्ये बफ होऊन ७ चं ५ झालं. डेकमधला प्रत्येक मिनियन १ मॅनाचा करणारी ती जादू दोन टर्न आधी पडू लागली, आणि त्याच ऑगस्टमध्ये ती परत ७ वर नेली. बफ बघून कार्ड घडवतानाही म्हणून तिसऱ्या पायरीतला प्रश्न विचारायचा. पाचव्या टर्नला गॅलक्सी पडली, तर सहाव्याला समोरच्याकडे काय असेल?